गुपचूप खरेदी

महामायाचे वडील गुलाबराव हिवराळे खामगावच्या एका जिनिंग फॅक्टरीच्या फाटकावर चौकीदार होते. पाळी सुटली की बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाचा डबा, पिशवी, सायकलच्या मागचं गाठोडं ते उघडून बघायचे. शाळेतून येताना महामाया त्यांच्याजवळ थांबायची आणि फाटकाशेजारच्या बाकावर बसून हा तपास बघायची. सरकीच्या वासात आणि उडणाऱ्या रुईत तिचं अर्धं बालपण गेलं.

"जो मानूस गेटवर येऊन जास्त रामराम करते," गुलाबराव तिला सांगायचे, "त्याची पिशवी पहिले पाह्यची."

मुलीनं हे मनावर घेतलं. मैत्रीण फारच गोड बोलायला लागली की हिला प्रश्न पडायचा, हिला काय पाहिजे असेल? परीक्षेत सोपा पेपर आला तरी ती दोनदा मागंपुढं उलटून बघायची. घरात तिला सगळे 'चौकीदारीण' म्हणत.

बी. कॉम. झाल्यावर तिला उत्तमराव राजनकार यांच्या ऑफिसात नोकरी लागली. उत्तमराव मुंबईच्या एका मोठ्या ब्रोकरचे खामगावातले सब-ब्रोकर. वर जिना चढून गेलं की एक लांबट खोली, चार कॉम्प्युटर, आणि त्यासमोर खुर्च्या टाकून बसलेले मास्तर, डॉक्टर, रिटायर बाबू. फोनवर गिऱ्हाईक सांगेल तो शेअर घ्यायचा, सांगेल तो विकायचा, एवढंच काम. पण महामायाला पडद्यावरचे आकडे बघताना फाटक आठवायचं. कुणीतरी काहीतरी लपवून नेतंय, असं तिला वाटायचं. कोण घेतोय, काय समजून घेतोय, तिकडे तिचं लक्ष असायचं.

तिथंच तिला रमाकांत चिंचोळकरांनी हेरलं.

चिंचोळकर सर चार्टर्ड अकाउंटंट. पुण्यात बरीच वर्षं काढून खामगावला परत आलेले आणि लोकांचे पैसे गुंतवण्याची स्वतःची कंपनी चालवणारे. त्यांची पद्धत वेगळी होती. चांगली चाललेली, पण बाजारानं नाक मुरडलेली कंपनी शोधायची, तिची खरी किंमत काढायची, स्वस्तात घ्यायची आणि वर्षानुवर्षं धरून बसायचं. अकोला, अमरावती, खामगावचे डॉक्टर आणि व्यापारी त्यांच्याकडे पैसे ठेवत. दिसायला सौम्य, बोलणं कमी, खादीचा सदरा.

असल्या कंपन्यांची एक अडचण असते. त्यांचे शेअर रोज फार थोडे विकायला येतात. कुणी मोठा घेणारा आलाय असं बाजाराला नुसतं हुंगता आलं तरी भाव पळतो आणि स्वस्त माल महाग होऊन बसतो. सरांनी एकदा असा एक शेअर उत्तमरावांमार्फत घ्यायला सांगितला. काम महामायाकडे आलं. तिनं तो इतका सावकाश घेतला की सर वैतागून ऑफिसात आले.

"काय गं, झोपली होतीस का? अजून निम्माच घेतलास."

"सर, विकणारा एकच माणूस आहे," ती म्हणाली. "त्याला वाटतंय घेणारे दहा जण आहेत. तो रोज थोडा थोडा देतोय. मी एकदम मागितलं तर तो सावध होईल."

सर पडद्याकडे बघत उभे राहिले. पुढच्या महिन्यात महामाया त्यांच्या कंपनीत होती.

काही वर्षांत ती तिथली मुख्य ट्रेडर झाली. हाताखाली अश्विनी नावाची एक हुशार मुलगी आली. काय घ्यायचं ते सर आणि त्यांचा संशोधक ठरवत. कसं घ्यायचं ते फक्त महामाया ठरवायची. आज सकाळी थोडं, मग दोन दिवस काहीच नाही, मग या ब्रोकरकडून, मग त्या. कधी मुद्दाम चार शेअर विकायचे, म्हणजे बघणाऱ्याला वाटावं की हे बाहेर पडताहेत. या कामात संशय हाच गुण होता. ऑफिसात आल्यावर सगळ्यांचे मोबाईल एका खणात ठेवायचा नियम तिनंच केला. कंपन्यांना टोपणनावं देण्याची रीतही तिचीच. पंप बनवणारी ती 'विहीर', दोरखंड बनवणारी ती 'बैल', औषधवाली ती 'काढा'. चहावाल्यासमोर ही नावंसुद्धा घ्यायची नाहीत असा तिचा दंडक होता.

तिचं लग्न प्रसेनजित वानखडेशी झालं होतं. तो ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवायचा. शांत माणूस. घरी सासू रुख्मिणीबाई आणि मुलगी प्राची. नवरा दिवसभराचं सगळं सांगायचा, कोणत्या पोरानं काय उत्तर लिहिलं इथपासून. महामाया ऐकून घ्यायची. तिच्या कामाबद्दल मात्र तिनं घरात एक शब्द काढला नाही. फोन टेबलावर पालथा ठेवायची. प्रसेनजितनं सुरुवातीला एकदोनदा विचारलं, "आज काय घेतलं मंग?" ती म्हणाली, "तुमचं काय काम त्याच्याशी?" पुढं त्यानं विचारणं सोडून दिलं.

लॉकडाऊनमध्ये ऑफिस घरी आलं. दोन खोल्यांच्या घरात महामाया बेडरूमच्या कोपऱ्यात लॅपटॉप मांडून बसली आणि पलंगाच्या दुसऱ्या टोकाला प्रसेनजित ऑनलाइन वर्ग घ्यायचा. ऑफिस पुन्हा सुरू झालं तरी तेव्हाची एक सवय राहून गेली. रोज बाजार उघडण्याआधी सरांचा फोन यायचा आणि ती स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभं राहून बोलायची. पोळ्या लाटता लाटता. "हो सर, आज विहीर थोडी. बैल उद्यापासून."

मग भाव पळायला लागले.

आधी एकदा झालं तेव्हा तिनं योगायोग मानला. दुसऱ्या वेळी तिनं तारीख लिहून ठेवली. तिसऱ्या वेळी तिनं पहिली ऑर्डर टाकायच्या आदल्या दिवशीच शेअर वर गेलेला होता. फार नाही, पण ज्या शेअरकडे महिनोन् महिने कुणी ढुंकून बघत नव्हतं तो नेमका त्याच दिवशी का हलावा?

सरांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. दार लावून घेतलं, जे ते कधी लावत नसत.

"महामाया, कुणीतरी आपल्या पुढे चाललंय."

"हो सर."

"आपण घेणार हे त्याला आधी कळतं. तो आधी घेतो, मग आपल्यालाच चढ्या भावानं विकतो. हा गुन्हा आहे, तुला माहीत आहे."

"हो सर."

"आपल्या पाचसहा माणसांतूनच जातंय हे."

असं म्हणताना ते तिच्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिले. महामायाला ती नजर ओळखीची होती. शाळेत कुणाचं कंपासपेटीतलं काही हरवलं की बाई आधी एका ठरावीक बाकाकडे बघायच्या. त्या बाकावर ती बसायची. तिनं नजर खाली घातली नाही.

बाहेर आली आणि तिनं सगळ्यांकडे नव्यानं बघायला सुरुवात केली. अश्विनीच्या हातात नवं घड्याळ होतं. हिशेब बघणारी रेवती पूर्वी डबा आणायची, आता बाहेरून मागवत होती. सरांच्या पत्नी वासंतीबाई दुपारी येऊन केबिनमध्ये बसत, आणि त्यांच्या भिशीत गावातल्या अर्ध्या व्यापाऱ्यांच्या बायका होत्या. चहावाला कप ठेवताना पडद्याकडे बघतो का? बघायचा. पण तो काय समजणार? आणि समजत नसेल कशावरून?

तिची नजर शेवटी आल्हादवर येऊन थांबली. आल्हाद म्हणजे कंपनीचा संशोधक, सरांचा पुतण्या. पुण्याहून आलेला. हुशार होता, पण कुणात मिसळत नसे. मोबाईल खणात ठेवायचा नियम त्याला मान्य नव्हता. दुपारी ठरावीक वेळेला तो फोन मागून घ्यायचा, गच्चीवर जायचा आणि दार ओढून घेऊन बोलायचा. एकदा महामाया पाण्याची टाकी बघायच्या निमित्तानं वर गेली. तिला बघताच तो भिंतीकडे तोंड करून हळू आवाजात म्हणाला, "आत्ता नको. कुणीतरी आलंय. उद्या सांगतो." आणि फोन बंद केला.

"कोणाचा फोन होता?" तिनं विचारलं.

"तुम्हाला काय करायचंय, ताई?"

"ऑफिसच्या वेळेत आहे म्हणून विचारलं."

"मग काकांना सांगा." तो जिना उतरून गेला.

तिनं सांगितलं. जे पाहिलं तेवढंच सांगितलं, एक शब्द वाढवून नाही. पण तिनं सांगितल्यानं ते वेगळं दिसायला लागलं. सरांनी पुतण्याला विचारलं. तो म्हणाला, खासगी आहे. पुन्हा विचारलं, तो चिडला. पुढच्या बैठकींना त्याला बोलावणं बंद झालं. महिनाभर तो रिकाम्या टेबलाशी बसून राहिला आणि मग एका सकाळी राजीनामा देऊन जलंब स्टेशनवर गाडी पकडायला निघून गेला. निरोप घ्यायला कुणाकडे गेला नाही.

तो गेल्यावर रेवतीनं महामायाला सांगितलं, "त्याचा घटस्फोट झालाय ना ताई. मुलगी आईकडे असते. गार्गी तिचं नाव. शाळेच्या मधल्या सुट्टीत ती मैत्रिणीच्या आईच्या फोनवरून चोरून बाबाशी बोलायची. घरी कळलं तर तेही बंद होईल म्हणून तो कुणाला सांगत नव्हता."

"तुला कसं माहीत?"

"मला त्यानंच सांगितलं होतं."

"मग आधी काऊन नाही सांगितलं?"

"तुम्ही विचारलंच कुठं?" रेवती म्हणाली.

महामायाला वाईट वाटलं. पण खरं सांगायचं तर त्या दिवशी तिनं स्वतःला असंही समजावलं, की मुलगीही असेल आणि दुसरंही काही असेल. एकानं दुसरं खोटं ठरत नाही.

आल्हाद गेल्यानंतर सरांनी नवीन कंपनी हाती घेतली. टोपणनाव 'माठ'. महामायानं पहिली ऑर्डर टाकली आणि भाव आधीच वर सरकलेला होता.

आता केबिनचं दार वारंवार लागायला लागलं. आत सर आणि कुणीतरी अनोळखी गृहस्थ. तिच्या टेबलामागं छताला कॅमेरा बसला. सर बोलताना 'आपण' म्हणायचे ते 'तू' म्हणायला लागले: तू ऑर्डर कधी टाकलीस, तू कुणाशी बोललीस. वासंतीबाईंनी एकदा सहज विचारावं तसं विचारलं, "घर बांधायला काढलंय म्हणे तुम्ही, देऊळघाट रोडला?"

"नाही बाई. कुणी सांगितलं?"

"असंच ऐकलं."

बुलढाण्याकडच्या त्या रस्त्यावर घर सोडाच, प्लॉट घेतल्याचंही महामायाला काही माहीत नव्हतं. तिनं मनात म्हटलं, आता आपल्याबद्दल कंड्या पिकवायला सुरुवात झाली. अश्विनीशीही ती तुटकपणे बोलायला लागली. ही माझ्या खुर्चीवर डोळा ठेवून आहे, असं तिला पक्कं वाटत होतं.

त्या उन्हाळ्यात वरवट बकालला तिच्या मावसभावाचं लग्न होतं. मंडपात उत्तमराव भेटले. थकले होते, पण आवाज तोच. जिलबीचं ताट हातात घेऊन शेजारी येऊन बसले.

"जय भीम, महामायाबाई. मोठी मानसं झाली तुमी. आमाले कायले ओळखता आता!"

"जय भीम, काका. असं काऊन म्हणता?"

"नाही तं काय! पन सर मात्र आपल्या ऑफिसाले धरून हायेत, हे चांगलं."

"कोणते सर?"

"अहो, तुमचे मिस्टर. सासूबाईच्या नावानं खातं हाय नं आपल्याकडं." उत्तमराव हसले. "हात चांगला बसला त्यायचा. काय अचूक घेते मानूस! आता खोटं कायले बोलू, त्यायनं घेतलं की आमीबी मागून थोडं थोडं घेतो. दोनचार गिऱ्हाईकालेबी सांगतो. म्हटलं घरात हेडमास्तर हाय, तं पेपर फुटनारच."

मंडपात बँड वाजत होता. महामायानं विचारलं, "आता शेवटचं काय घेतलं त्यांनी?"

उत्तमरावांनी कंपनीचं खरं नाव सांगितलं. ती माठच होती.

उत्तमराव आपल्याला हे मुद्दाम सांगताहेत का, सरांनीच त्यांना पाठवलं का, असंही तिच्या मनात येऊन गेलं. मग तिनं मंडपाच्या दुसऱ्या टोकाला बघितलं. प्रसेनजित पाहुण्यांना पाणी देत फिरत होता. नेहमीसारखा. सगळ्यांशी हसून.

ती त्याला मंडपामागं, विहिरीजवळच्या निंबाखाली घेऊन गेली.

"आईच्या नावानं खातं कधी उघडलं?"

त्यानं तिच्याकडे बघितलं आणि हातातला जग खाली ठेवला. नाही म्हणाला नाही.

"लॉकडाऊननंतर."

"तुम्हाले नावं कोणं सांगितली?"

"तूच."

"म्या? म्या तुम्हाले कधी एक शब्द सांगितला?"

"नाही सांगितला. तेच तं." त्याचा आवाज चढला नव्हता. "इतके वर्षं झाले, तू मले काहीच सांगितलं नाही. फोन पालथा. लॅपटॉप बंद. म्या खोलीत आलो की तू बोलनं थांबवायची, जसा म्या चोर हावो. लॉकडाऊनमधी एकाच खोलीत होतो आपन. पहिल्यांदा तुह्यं काम कानावर पडलं. मले चांगलं वाटलं. खरंच. म्या ऐकत राह्यलो. तुह्या बोलन्यातल्या भावावरून विहीर कोन, बैल कोन, ते समजायले वेळ नाही लागला. प्राची म्हने बाबा, तुम्ही पेपर तपासता का आईचं ऐकता."

"आन मंग घ्यायले काऊन लागले?"

"पाहू म्हटलं, बरोबर समजलं का आपल्याले. बरोबर निघालं. मंग... मंग सवय लागली. देऊळघाट रोडले एक प्लॉट पाह्यला. तुले एकदमच सांगनार होतो."

"आल्हादची नोकरी गेली. माहीत होतं तुम्हाले?"

"तू घरी सांगते कुठं काही?" तो म्हणाला, आणि मग खाली बघत, "रेवती मॅडम भेटल्या होत्या, त्यायच्याकडून समजलं होतं."

"तरी थांबले नाही."

"नाही."

महामायाला त्याची ती पहिली वाक्यं ऐकून दया आली होती आणि त्याच क्षणी तिला वाटलं, हे त्यानं आधीच जुळवून ठेवलेलं असेल. म्या ऐकत राह्यलो, मले चांगलं वाटलं. कधीतरी पकडलो गेलो तर काय बोलायचं ते. फिजिक्सचा मास्तर, पुढच्या पायरीचा विचार करणारा माणूस. खरं कुठं संपतं आणि जुळवलेलं कुठं सुरू होतं, हे तिला त्या दिवशी कळलं नाही आणि अजूनही कळलेलं नाही.

परतीच्या गाडीत रुख्मिणीबाई मधल्या सीटवर होत्या. त्यांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. मुलानं सांगितलं तिथं सही केली होती. "काय झालं बे तुमाले, भांडले काय?" त्या विचारत राहिल्या.

सोमवारी बाजार उघडण्याआधी सरांचा फोन आला. महामाया म्हणाली, "फोनवर नको. मी येते." आणि तिनं केबिनमध्ये उभ्यानं सगळं सांगितलं. उत्तमराव, सासूचं खातं, ओटा, टोपणनावं. रडली नाही. सर टेबलावरचा पेपरवेट फिरवत होते.

"मला वाटलंच होतं," ते म्हणाले.

"काय वाटलं होतं, सर?"

"तुझ्या बाजूनं जातंय. तुला माहीत असून की नसून, ते ठरत नव्हतं. म्हणून थांबलो."

"किती दिवसांपासून?"

"पहिल्या वेळेपासून."

महामायाला वाटलं आपण नीट ऐकलं नाही. "मग आल्हादला कसं जाऊ दिलं?"

"त्याच्यावरही संशय होता. मला दोघांवरही होता." सरांनी पेपरवेट खाली ठेवला. "तो आधी गेला."

हे त्यांनी इतक्या साधेपणानं सांगितलं. सख्खा पुतण्या. आणि ज्या ओट्यावरच्या फोनवरून सगळं बाहेर गेलं तो फोन रोज सर स्वतःच करत होते, आपल्यावर संशय असतानाही. ती म्हणाली, "सर, मग तुम्ही सकाळचे फोन बंद का नाही केले?"

"बंद केले असते तर तुला कळलं असतं की मला कळलंय."

तिनं राजीनामा लिहून दिला आणि खणातून आपला मोबाईल घेतला. अश्विनीला कुठल्या ऑर्डर अर्धवट आहेत ते समजावलं. अश्विनी रडायला लागली. हीच मुलगी आपल्या खुर्चीवर टपून बसलीय असं आपण इतके दिवस समजत होतो, हे महामायाला तेव्हा लख्ख आठवलं.

सरांनी सेबीला कळवलं. महामायानंही स्वतःहून वेगळं कळवलं, कारण सर काय आणि किती कळवतील याची तिला खात्री नव्हती. चौकशी लांबत गेली. उत्तमरावांना आपलं ऑफिस बंद करावं लागलं. सुनावणीला रुख्मिणीबाईंना कॅमेऱ्यासमोर बसवलं. समोरच्या साहेबानं विचारलं, "आजी, हे व्यवहार तुम्ही केलेत का?" त्या म्हणाल्या, "बावा, मले आता घुडग्यानं उठता येत नाही, म्या कायचे व्यवहार करतो?" शेवटी मिळालेला सगळा नफा दंडासकट परत भरायचा हुकूम झाला, आणि प्रसेनजितबरोबर महामायावरही दोन वर्षं बाजारात काम करायला बंदी आली. तिनं काही घेतलं नव्हतं हे मान्य झालं. पण ती ज्या माहितीची राखण करत होती ती तिच्याच घरातून गेली, हेही मान्य झालं. कॉलेजच्या संस्थेनं प्रसेनजितला काढलं नाही. बदली तेवढी केली, मेहकरला.

गुलाबराव तेव्हा लेकीच्या घरी आले होते. ते जावयाला एक शब्द बोलले नाहीत. चहा घेतला, कप धुऊन ठेवला आणि मुलीला बाहेर बोलावून म्हणाले, "सोडतं का त्याले?"

"माहीत नाही, बाबा."

"नाही सोडत तं रोज रोज झडती नको घेऊ. मानूस नाही राह्यत तश्यानं. घेनाराबी नाही आन देनाराबी नाही."

तिनं सोडलं नाही. का, ते ती सांगत नाही. प्रसेनजित शनिवारी मेहकरहून येतो आणि सोमवारी पहाटेच्या एसटीनं जातो. घरात कुणी कुणाचा फोन उचलत नाही. तो आता आपल्या वर्गातल्या पोरांच्या गोष्टी पूर्वीइतक्या सांगत नाही, आणि त्याची तिला चुटपुट लागते. एकदा तिनं स्वतःहून विचारलं, "काय झालं आज कॉलेजात?" त्यानं असं बघितलं, जणू हा प्रश्न कशासाठी आला ते त्याला कळेना.

आल्हादला तिनं फोन केला होता. तीनदा कट झाला, चौथ्यांदा त्यानं उचलला. तिनं सगळं सांगून माफी मागितली. पलीकडून रस्त्याचा आवाज येत होता.

"गार्गीला आता मी शाळेत सोडतो," तो म्हणाला. "कोर्टानं तेवढं दिलंय. पुण्यात राहायला आलो म्हणून दिलं. पण म्हणून मी तुमचे आभार मानणार नाही, ताई."

"मी त्यासाठी फोन नाही केला."

"कशासाठी केलात ते तुम्हालाच माहीत," असं म्हणून त्यानं ठेवून दिला. तिला ते योग्यच वाटलं.

बंदीच्या काळात तिला वरवट बकालच्या एका शेतकरी उत्पादक कंपनीत काम मिळालं. सभासद शेतकऱ्यांची तूर आणि सोयाबीन एकत्र करून विकायची. अध्यक्ष माणिकराव अढाव हे रांगडे, मोठ्यानं बोलणारे गृहस्थ. महामायानं पहिल्याच हंगामात तूर हळूहळू, वेगवेगळ्या दालमिलवाल्यांना अशी विकली की गोदामात नेमका किती माल आहे हे कुणाला कळलं नाही. भाव बरा मिळाला. माणिकराव खूश झाले.

मग एके दिवशी ते म्हणाले, "बाई, रोजचा भाव आन गोदामातला माल बाहेर फळ्यावर लिहू आपन."

"कायले?" ती दचकलीच. "घेणाऱ्याले आयतं कळंल."

"कळू द्या. पन सभासदाले बी कळलं पाह्यजे नं. लोक मले म्हनतात, ते बाई काय करते काहीच समजत नाही. माल त्यायचा हाय बा."

तिनं बराच वाद घातला. दोन पैसे कमी भाव येईल हे समजावलं. माणिकराव म्हणाले, येऊ द्या. सभेत ठराव झाला, हात वर झाले.

बंदी संपल्यावर नागपूरच्या एका गुंतवणूक कंपनीनं तिला मुलाखतीला बोलावलं होतं. काम तेच. समोर तिघं होते. एकानं अदबीनं विचारलं, "मॅडम, तुमच्या घरी कोण कोण असतं?" प्रश्न साधा नव्हता हे तिला कळलं आणि तिनं साधंच उत्तर दिलं. नवरा, सासू, मुलगी. कळवतो म्हणाले. कळवलं नाही. शेगावला उतरून खामगावच्या गाडीची वाट बघताना तिनं विचार केला, त्यांच्या जागी आपण असतो तर आपण घेतलं असतं का या बाईला? तिचं उत्तर लगेच आलं.

ती आता वरवट बकाललाच असते. रोज सकाळी खडू घेऊन फळ्यावर भाव लिहिते, त्याखाली शिल्लक माल. अक्षर ठसठशीत आहे. लोक येतात, वाचतात, मोबाईलमध्ये फोटो काढून घेतात. महामाया खिडकीशी उभी राहून फोटो काढणाऱ्यांकडे बघते. हा सभासद आहे. हाही. पण तो मागं मोटरसायकलवर बसलेला, हेल्मेट न काढता फोटो घेणारा, तो कोण? ती माणिकरावांना विचारते.

"असंल कोनी," माणिकराव म्हणतात. "पाहू द्या त्याले."

ती पाहू देते. गाडीचा नंबर मात्र वाचून घेते.